प्रवास त्याचा, वाट आमची

मागच्या महिन्यात थर्ड इयरचे दोघं जण रात्री साडेदहाला माझ्या क्वार्टरवर आले. असिस्टंट रेक्टरच्या दारात पोरं या वेळेला येतात ती दोनच कारणांनी. एक तर मोटर बंद पडलेली असते, नाही तर कोणी तरी आजारी असतं. हे दोघं मात्र चक्क हसत होते. "सर, तुमचा तो रोह्याचा मित्र पाठीवर सॅक टाकून सात महिने फिरला ना? त्याचं बजेट काय होतं?"

फायनल इयर संपलं की दोघांना लांब निघायचंय. बजेट सांगितलं, व्हिसाचं सांगितलं, सॅकचं वजन दहा किलोच्या वर गेलं की माणूस हमाल होतो हेही सांगितलं. मग विचारलं, "आणि तुमच्या मागे इथे कोण असणार?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "म्हणजे सर, घरचे असतीलच की. व्हॉट्सॲप आहे, स्टेटस टाकू."

बाहेर पडणाऱ्याने काय करावं यावर ढीगभर पुस्तकं आहेत, व्हिडिओ तर विचारूच नका. मागे राहून त्याच्या प्रवासाचा माग ठेवणाऱ्यांनी काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मला ते थोडंफार कळलं ते चुका करून. म्हणून हा लेख.

आमचा तो मित्र म्हणजे 'रोहेकर'. होस्टेलवर माणसाचं नाव दुसऱ्याच आठवड्यात गळून पडतं आणि गाव चिकटतं, त्या नियमाने तो रोहेकर आणि मी पेणकर. कोकण रेल्वे कुठून सुरू होते असं कुणी चुकूनही विचारलं, की हा ताठ बसून सांगणार, "रोह्यापासून!" आहे ते खरंच. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि तिथून पुढे कोकण रेल्वे, जी 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर धावायला लागली. पण तो हे अशा थाटात सांगायचा, की जणू रूळ त्याच्याच घरच्यांनी टाकले. डिग्रीनंतर तो धाटावच्या एमआयडीसीत लागला, मी गेटची परीक्षा देऊन याच होस्टेलवर एम.टेक.ला परत आलो. तीन वर्षं त्याने पगार साठवला आणि 2019 च्या एप्रिलमध्ये रोहा स्टेशनवरून दिवा पॅसेंजर पकडली. मी पेणला त्याच डब्यात चढलो, पनवेलपर्यंत सोडायला. सॅक मांडीवर घेऊन बसलो होतो. उतरताना तो एवढंच म्हणाला, "आईकडे साधा फोन आहे. तिला नेटबिट काही कळत नाही. तू दर रविवारी तिला फोन करशील ना?"

मी म्हटलं, करीन. त्यात काय!

गोरखपूरहून सुनौलीच्या नाक्याने तो नेपाळात गेला, तिथे दोन महिने काढले. परत दिल्लीला येऊन विमानाने अल्माटी, म्हणजे कझाकस्तान. मग किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान आणि शेवटी जॉर्जिया, आर्मेनिया. इथे माझ्या रूमवर भिंतीभर जगाचा नकाशा लागला. ड्रॉइंग शीटच्या पिना आणि मेसच्या काकांनी देव्हाऱ्यातून आणून दिलेला लाल दोरा. जिथून मेसेज येईल तिथे पिन. नकाशा स्वस्तातला असल्यामुळे त्यात निम्मी गावं नव्हतीच, ती आम्ही बॉलपेनने घातली. महिनाभरात अशी स्थिती आली की ज्यांनी रोहेकरला कधी पाहिलंही नव्हतं ती फर्स्ट इयरची पोरं जेवण झाल्यावर रूममध्ये डोकावून जायची. "सर, आज कुठे?" मला तेव्हापासून 'सर' म्हणायचे, मी काही सर नव्हतो. मेसचे काका तर पोळ्या वाढतानाच विचारायचे. पिन दोन दिवस हलली नाही की त्यांना चैन पडायची नाही.

आता थोडं टेक्निकल.

कंट्रोल सिस्टिम्समध्ये 'डेड टाइम' म्हणून एक प्रकार असतो. पेपरला चार मार्कांची नोट येते आणि पाठ करून सगळे लिहितात. पण त्याचा अर्थ आपल्या बाथरूममध्ये रोज कळतो. सोलरची टाकी गच्चीवर, नळ तळमजल्यावर, मध्ये लांबच लांब पाइप. गरम पाण्याचा कॉक सोडला की पहिलं मिनिटभर पाइपातलंच गार पाणी येतं. ज्याला हे माहीत नाही तो कॉक आणखी सोडतो, मग आणखी सोडतो, आणि नंतर एकदम बोंब मारून बाहेर येतो. कॉकचा दोष नाही, टाकीचाही नाही. आपण ज्या पाण्यावरून निर्णय घेतला ते पाणी मिनिटभर जुनं होतं, एवढंच.

प्रवासाला गेलेल्या माणसाच्या बातमीचं अगदी तसंच आहे. ती हातात पडते तेव्हा शिळी असते. किती शिळी, हे ज्याला ठाऊक तो शांत राहतो. नेपाळात असतानाचीच गोष्ट. काकूंनी टीव्हीवर तिकडच्या पावसाची बातमी पाहिली आणि सकाळी सहाला माझा फोन वाजला. मीही घाबरलो, त्याला सात-आठ मेसेज टाकले. वास्तविक ज्या खोऱ्याची बातमी होती तिथून तो चार दिवसांपूर्वीच खाली उतरला होता. आमच्या नकाशातली पिन मात्र अजून तिथेच टोचलेली! पिन शिळी होती आणि आम्ही तिच्यावर विसंबून कॉक सोडत होतो. उलट दिशेनेही हेच. काकूंनी "छत्री घे म्हणावं" असं सांगितलं, ते त्याच्यापर्यंत पोचलं तेव्हा तो दिल्लीच्या उन्हात उभा होता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक पिनेखाली एक चिठ्ठी लावायला लागलो. एक तारीख मेसेज आल्याची, दुसरी तो मेसेज ज्या दिवसाबद्दल आहे त्या दिवसाची. साधी गोष्ट आहे, पण निम्मी काळजी तिथेच कमी झाली.

निम्मीच.

जुलै 2019. शेवटचा मेसेज ओशहून, म्हणजे किर्गिझस्तानच्या दक्षिणेकडच्या शहरातून. "उद्या शेअर जीपने पामीर हायवे. मुरगाब, मग खोरोग. नेट नसेल. टेन्शन नको." रस्ता सातशे किलोमीटरच्या वर. हद्द ओलांडतानाच चार हजार मीटरची खिंड, पुढे अक-बैताल खिंड 4,655 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, यावरून अंदाज करा. ओशचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, ताजिकिस्तानचं अर्धा तास मागे. हे सगळं मी नेटवर वाचून काढलं होतं. एक गोष्ट मात्र त्याला विचारली नव्हती : 'नेट नसेल' म्हणजे किती दिवस?

चार दिवस गेले. पाचवा, सहावा. 'लास्ट सीन' तोच. व्हॉट्सॲपची ती एक टिक मी इतक्या वेळा पाहिली की सबमिशनच्या वेळीसुद्धा डोळ्यांसमोर यायची. सातव्या दिवशी रविवार होता.

मी फोन केला. काकू म्हणाल्या, "काय रे, काय म्हणतो तो?"

खरं उत्तर होतं की सात दिवस काही कळलं नाही. मी म्हणालो, "कालच बोलणं झालं काकू. बरा आहे. तिकडे नेट नाही म्हणून घाईत ठेवला फोन."

"जेवतोय ना नीट?"

"हो हो. भात मिळतो म्हणाला."

"तिकडे भात?"

"पुलाव करतात ना काकू. तिथला प्रसिद्ध आहे." ओशचा पुलाव प्रसिद्ध आहे हे खरं आहे. मी वाचलेलं होतं. खोटं बोलताना माणूस असा खरा माल वापरतो.

"बरं," काकू म्हणाल्या. "तूही जेव वेळेवर." आणि ठेवला.

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं ते पाच मिनिटं. मग लक्षात आलं की आता पुढच्या रविवारची गोष्ट अवघड होऊन बसली. काही बरंवाईट झालं असेल तर मी काय सांगणार? की 'काल' बोलणं झालं होतं ते मनातल्या मनात? आणि आणखी एक. त्याच्या शेवटच्या ठिकाणाची खरी तारीख ज्याच्याकडे होती असा मी एकटाच होतो, आणि मीच ती पुसून तिथे दुसरी लिहिली होती. विंगमधल्या पोरांनाही तेच सांगावं लागलं, नाही तर कोणी तरी बोलून जाईल. रात्री पिन सरकवली. खोटी पिन! मेसचे काका खूष झाले.

त्या दिवसांत झोप येईना म्हणून घरून आणलेलं एक पुस्तक काढलं. पेणच्या माणसाला ते घरात असतंच, वाचलेलं असतं असं नाही. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. गोडसे भटजी वरसईचे, म्हणजे आमच्या पेण तालुक्यातले. घरी गरिबी, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आणि मोठी दक्षिणा वाटणार असं कानावर आलं. तिशीच्या आसपासचे विष्णुभट आपल्या काकांना घेऊन 1857 च्या सुरुवातीला निघाले, पायी. घरच्यांची समजूत घालून. विचार असा की यज्ञ उरकावा, दक्षिणा घ्यावी, कर्ज फेडावं. आजच्या भाषेत, ऑफ-कॅम्पस इंटरव्ह्यूला निघालेला पोरगा.

तारीख बघा म्हणजे पुढचं सांगायला नको. महूच्या अलीकडे भेटलेल्या शिपायांनी त्यांना सांगितलं की पुढे जाऊ नका, बंड होणार आहे. हे पुढे गेले. यज्ञ राहिला बाजूला आणि भटजी सापडले थेट बंडात. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा, 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये, ते शहराच्या आत होते. तोफा, आगी, कत्तल, लूट सगळं डोळ्यांनी पाहिलं. साठवलेलं द्रव्य लुटीत गेलं. पुढे काल्पीच्या वाटेवर पहाटे एका विहिरीवर तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटते, हे पाणी काढायला पुढे होतात आणि ती त्यांना थांबवून स्वतः पाणी ओढते. तो भाग मी अभ्यासाच्या टेबलावर बसून दोनदा वाचला. मग चित्रकूट, अयोध्या, काशी असं करत, गंगेची कावड खांद्यावर घेऊन, जवळजवळ तीन वर्षांनी वरसईला परत. त्या गंगेच्या पाण्याने आई-वडिलांना स्नान घातलं.

पुस्तक म्हणून ते काय आहे हे मराठीच्या सरांनी सांगावं. मला त्या रात्री वेगळंच दिसायला लागलं. पुस्तक भटजींबरोबर चालतं. वरसईचं घर सुरुवातीला आहे आणि शेवटी आहे. मधल्या पावणेतीन वर्षांत त्या घरात काय चाललं होतं?

देशात टपालाची सोय तेव्हा झाली होती, हे विसरू नका. 1 ऑक्टोबर 1854 पासून एकच दर लागू झाला होता : हलकं पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठूनही कुठेही, अंतराचा प्रश्न नाही. तारायंत्रही आलं होतं. पण बंड म्हटल्यावर आधी तुटतात त्या तारा आणि अडतात ते डाकेचे हरकारे. मध्य हिंदुस्थानात नेमकं तेच झालं. म्हणजे वरसईला बातमी पोचायची ती बाजारातून, यात्रेकरूंकडून, अफवेतून. 'झाशी पडली' हे कधी तरी तिथेही कळलं असणारच. त्या बातमीच्या पुढे 'आपले दोघं तिथे होते का?' हा प्रश्न. त्याचं उत्तर देणारं कोणी नाही. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर डेड टाइम किती हेच माहीत नाही. मिनिटभर थांबून गरम पाणी येईल की पाइपच फुटलाय, काय समजायचं?

मला माझे नऊ दिवस भारी वाटत होते!

आणखी एक गंमत, जी शाळेत कोणी सांगितली नाही. वाचकांना हा प्रवास कळला तो कधी? भटजींनी आठवणी लिहिल्या त्या पंचवीसएक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. सरकारची भीती होतीच. वैद्यांनी हस्तलिखित जपून ठेवलं आणि पुस्तक छापलं ते 1907 साली, लेखक गेल्यावर. तेही काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आवृत्ती काढली तेव्हा कुठे भटजींचं खरं बोलणं लोकांसमोर आलं. म्हणजे झाशी ते वाचक हे अंतर पन्नास वर्षं, आणि काही पानांसाठी शंभरच्या वर. तरी आपण ती वाचताना श्वास रोखून धरतो. भटजी सुखरूप परतले हे पहिल्या पानापासून माहीत असतं (नाही तर पुस्तक कोणी लिहिलं?), तरीसुद्धा!

थोडं विषयांतर. वाट बघायच्या कामात पेणची माणसं तशी मुरलेली आहेत. आमच्या आळीत गणपतीचा कारखाना आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, त्यामुळे त्यांची खोकी चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी भरायला लागतात. इथे लोक होळीच्या तयारीत असतात तेव्हा कारखान्यात गणपती पेंढ्यात बसून निघालेले असतात. बोट लेट होऊ शकते, चतुर्थी लेट होत नाही. कारखानदार शेजाऱ्यांना एकदा विचारलं, तुम्हाला झोप कशी येते? ते म्हणाले, "बोट किती दिवसांनी लागणार ते माहीत असतं. त्याच्यावर पंधरा दिवस सोडायचे. सोळाव्या दिवसापासून काळजी करायची, आधी नाही." ज्याने कंट्रोल सिस्टिम्सचं पुस्तक उघडलेलं नाही त्याने मला डेड टाइम समजावून सांगितला. मी हे आधी ऐकलं असतं तर! पण मी विचारलं ते नंतर. असो.

दहाव्या दिवशी मी दुशांबेच्या भारतीय दूतावासाचा नंबर शोधून काढला आणि वहीत लिहिला. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल 2015 पासून आहे, परदेशात अडकलेल्यांसाठी. त्यावर काय काय भरावं लागतं ते पाहिलं. पासपोर्ट नंबर! माझ्याकडे त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स नव्हती. व्हिसाची नव्हती. कुठल्या जीपने गेला, बरोबर कोण, काही नव्हतं. सहा वर्षं एका ताटात जेवलेल्या मित्राबद्दल मला ऑफिशियली काहीच माहीत नव्हतं. पासपोर्टचे कागद रोह्याला घरी असणार. ते मागायचे म्हणजे काकूंना फोन करायचा, आणि काकूंना तर मी सांगून बसलो होतो की परवाच बोललो. माझ्या थापेची खरी किंमत ही होती. काकूंना बरं वाटावं म्हणून बोललो, आणि त्या एका वाक्याने त्याला शोधायचा रस्ता बंद केला.

अकराव्या दिवशी संध्याकाळी ठरवलं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याला जायचं आणि समोर बसून खरं सांगायचं. रात्री पावणेदहाला फोन टिंग टिंग टिंग करायला लागला. खोरोगहून. साठलेले सगळे मेसेज एकदम! काराकुल तलावाजवळ जीपचं बेअरिंग गेलं होतं. पार्ट ओशहून येईपर्यंत तिथेच एका घरी मुक्काम. मग उंचीमुळे डोकेदुखी आणि उलट्या, म्हणून मुरगाबला पडून राहिला. किर्गिझ सिम हद्दीपलीकडे मेलं होतं. बाकी मजेत. याकचं दूध कसं लागतं यावरच तीन मेसेज होते. मी वाचता वाचता त्याला जी शिवी दिली ती विंगमधल्या शेवटच्या रूमपर्यंत ऐकू गेली. मग सगळे पळत आले, आणि त्यांच्यासमोर मला खोटी पिन काढून खरी लावावी लागली. फर्स्ट इयरचा एक जण एवढंच म्हणाला, "सर, म्हणजे रविवारी..." मी म्हटलं, हो.

मेसच्या काकांना सांगणं सर्वांत जड गेलं. ते रोहेकरला कधी भेटलेले नव्हते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अनोळखी माणूस एखाद्याच्या प्रवासात असा गुंततो, याची मला तेव्हा फार गंमत वाटायची. आता वाटत नाही. आमच्याच तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबांकडे दोन तरुण आशीर्वादाला गेले होते, सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असं चालत जायचं होतं. विनोबा स्वतः वर्षानुवर्षं पायी फिरणारे. त्यांनी सल्ला दिला : जवळ पैसे ठेवू नका. 1962 च्या जूनमध्ये दोघं निघाले. पाकिस्तानची हद्द ओलांडली तशी एका माणसाने गाडी थांबवून विचारलं, शांततेसाठी चालत निघालेले ते दोघं तुम्हीच का? त्याने पेपरात वाचलं होतं आणि तो त्यांना शोधत होता. सतीश कुमारांनी हा किस्सा पुढे अनेकदा सांगितलाय. शत्रू म्हटल्या जाणाऱ्या देशात पहिल्याच दिवशी जेवणाचं आमंत्रण, ते एका वाचकाकडून! खिशात पैसा नसताना ती वाट वॉशिंग्टनपर्यंत गेली ती अशाच माणसांच्या भरवशावर. तेव्हा मेसच्या काकांचा राग मी मुकाट्याने सोसला. तो त्यांचा हक्क होता.

रोहेकर ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी परत आला. बारा किलोने कमी आणि दाढी छातीपर्यंत. मी त्याला घेऊन रोह्याला गेलो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, तो आडवा हात मारत होता. तो आंघोळीला गेला तेव्हा मी काकूंना म्हटलं, "काकू, जुलैमध्ये एका रविवारी मी तुमच्याशी खोटं बोललो."

काकू भाकरी थापत होत्या. हात थांबले नाहीत. "माहीत आहे मला."

"कसं काय?"

"अरे, तो तुझ्याशी बोलला असता तर माझ्या शुगरच्या गोळ्या विचारल्या असत्या त्याने. दर वेळी विचारतो. तू दर रविवारी पहिलं तेच बोलायचास, 'काकू, गोळ्या घेतल्या का, तो विचारत होता.' त्या दिवशी तू पुलाव सांगितलास, गोळ्या नाही."

म्हणजे पुढचे चार दिवस त्यांना माहीत होतं की मला काही माहीत नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "तू पण पोरच. तुझा आवाज ऐकूनच कळलं की तुझी झोप उडालीय. अजून कशाला बोलू?"

मी तिकडे त्यांना सांभाळत होतो आणि त्या इकडे मला. मध्ये पेण ते रोहा एवढंच अंतर, फोनला रेंज फुल, आणि दोघांपैकी एकानेही खरी बातमी दुसऱ्याला दिली नाही. पासपोर्टची झेरॉक्स? ती काकूंच्या गादीखाली होती. जायच्या आदल्या दिवशी त्यानेच ठेवली होती. मागितली असती तर मिळाली असती.

तर थर्ड इयरच्या त्या दोघांना मी एक कागद आखून दिला. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या कॉप्या दोन ठिकाणी : एक घरी, एक इथल्या कुणा मित्राकडे. त्याखाली तीन रकाने. पहिल्यात निघायचं ठिकाण आणि तारीख, दुसऱ्यात पुढचं ठिकाण आणि तिथे पोचायची तारीख, तिसऱ्यात त्या तारखेवर किती दिवस सोडायचे, म्हणजे कितव्या दिवशी फोनाफोनी सुरू करायची. प्रत्येक टप्प्याला हा आकडा वेगळा. शहरात दोन दिवस पुरतात, पामीरसारख्या ठिकाणी बारा ठेवा. तो आकडा निघायच्या आधी ठरवायचा, नंतर नाही, कारण नंतर डोकं चालत नाही. आणि मध्ये जो माणूस आहे, जो घरी फोन करणार आहे, त्याने बातमी नसेल तर 'बातमी नाही, आज सातवा दिवस, बारापर्यंत थांबायचं ठरलंय' असं जसंच्या तसं सांगायचं. पुलाव सांगायचा नाही.

पुलावाचं त्यांना काही कळलं नाही. आता हे वाचून कळेल.

गुरुवारी दोघं कागद भरून घेऊन आले. एकाचा पूर्ण होता, टाइप वगैरे केलेला. दुसऱ्याचे पहिले दोन रकाने भरलेले, तिसरा कोरा. मी विचारलं, हा का सोडला?

"सर," तो म्हणाला, "हा आईला विचारून भरतो. शनिवारी घरी चाललोय."